बुळबुळीत बर्फ

१

सकाळी हँगरचं दार ढकलून आत गेले, तर फवारेवाला माझीच वाट बघत बसला होता. एका उलट्या पिंपावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. डोळे सुजलेले होते.

"मॅडम, लिहून घ्या," तो म्हणाला. "त्या दिवशी सकाळी मी विमान फवारलं नाही. माझ्यामुळे पडलं ते."

मी खुर्ची ओढली. विमान अपघातांची चौकशी करण्यात माझी निम्मी हयात गेली. माझा नवरा म्हणतो, घरात चमचा हरवला तरी मी जबाब घ्यायला बसते. पण एवढ्या वर्षांत स्वतःहून मान पुढे करणारा माणूस मला भेटला नव्हता. लोक मेलेल्या पायलटावर ढकलतात, हवेवर ढकलतात, देवावर ढकलतात. ह्याची कबुली ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं, उलट रागच आला. फुकट मिळालेल्या उत्तराचा मला नेहमीच राग येतो.

झालं होतं ते असं. कंपनी लहान, विमानं दोनच, जुळ्या भावांसारखी एकसारखी. वीसेक माणसं बसतील एवढी. तीन दिवसांपूर्वी त्यातलं एक सकाळच्या फेरीला निघालं, ढगात शिरलं, आणि जरा वेळाने कॅप्टनचा आवाज आला, "हँडल जाम झालंय. नाक खाली येत नाहीये." मग ते डोंगरातल्या दगडखाणीवर कोसळलं. आतलं एकही माणूस वाचलं नाही. खाणीचा मुकादम सगळ्यांत आधी तिथे पोचला होता. शेपटीत बर्फ होता, असं त्याने सांगितलं आणि सगळ्यांची बोटं फवारेवाल्याकडे वळली. विमानावर बर्फ धरू नये म्हणून औषध मारायचं, हेच तर त्याचं काम.

"का नाही फवारलंत?" मी विचारलं.

"पाऊस होता, बारीक. पण खाली बर्फ धरण्याइतकी थंडी नव्हती. दोन्ही पंखांवरून हात फिरवून बघितला मी. काही म्हणजे काही नव्हतं. मॅनेजर म्हणाले, वेळेवर सुटू दे. मी म्हटलं, सुटू दे."

"मग तुमची चूक काय झाली?"

"असणारच ना काहीतरी! नाहीतर शेपटीत बर्फ आला कुठून?"

प्रश्न रास्त होता. 

तेवढ्यात मॅनेजर आला. टाय, चकचकीत बूट, आणि दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघायची खोड. "आटोपलं ना, मॅडम? माणसाने कबूल केलंय. दुपारी दुसरं विमान सोडतो. प्रवासी तीन दिवस खोळंबलेत."

"मी परवानगी दिलेली नाही," मी म्हटलं. "चूक माणसाची असेल तर विमान निर्दोष. पण दुखणं विमानात असेल, तर तेच दुखणं त्याच्या जुळ्या भावातही असणार. ते कळल्याशिवाय मी त्याला हलू देणार नाही."

"सोडू द्या ना, मॅडम," पिंपावरून फवारेवाला म्हणाला. "त्या विमानावर माझी बायको एअर होस्टेस आहे. तिला धोका असता तर मी सोडा म्हटलं असतं का? काल संध्याकाळी मी स्वतः फवारलंय ते. नेहमीच्या दुप्पट."

२

खाणीत विमानाची शेपटी ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. मुकादम आडदांड गडी. मला वर चढायला हात दिला आणि वर बजावलं, "जपून हां बाई, इथे पडलात तर तुमची चौकशी कोण करणार?"

मी ताडपत्री बाजूला केली. विमानाच्या शेपटीला एक हलती फळी असते. पायलटने हँडल ढकललं की ती हलते आणि विमानाचं नाक वरखाली होतं. ही फळी आणि पक्की शेपटी यांच्यामध्ये एक लांब, अरुंद फट असते.

"बर्फ होता म्हणालात," मी म्हटलं.

"होता म्हणजे? ह्या हातांनी काढला."

"पंखांवर?"

"पंख तर धुतल्यासारखे. टिपूस नाही. सगळा ह्या फटीत, ठासून भरलेला."

"कसा होता?"

"आता बर्फ कसा असणार, बाई? गार!" तो स्वतःच हसला. मग फटीकडे बघत म्हणाला, "पण एक आहे. आमच्याकडे हिवाळाभर दगडांवरचा बर्फ फोडावा लागतो. कुदळीशिवाय निघत नाही मेला. हा आपला बोटाने निघाला. मऊ, गढूळ. आणि हात असा बुळबुळीत झाला की पँटला चार वेळा पुसला तरी जाईना. मला वाटलं तेल असेल."

"हे कुणाला सांगितलंत?"

"कुणी विचारलं तर सांगणार ना! 'बर्फ होता का?' 'होता.' 'बरं.' आणि गेले गाडीत बसून."

"थोडा ठेवायचात तरी."

"शेजारी आग पेटलेली, मी माणसं शोधत होतो, आणि बर्फ ठेवू?" तो चिडला, आणि त्याचं चिडणं बरोबरच होतं. मी त्याची माफी मागितली.

परतताना गाडीत मी एकच गोष्ट घोळवत होते. पंख कोरडे आणि शेपटीची फट भरलेली. आभाळातून आलेला बर्फ अशी निवडानिवड करत नाही.

३

दुसऱ्या विमानाचा कॅप्टन उपाहारगृहात कॉफीचा कप समोर ठेवून बसला होता. कॉफीवर साय धरली होती. मेलेला कॅप्टन त्याचा साडू.

"घरी बायको आणि मेहुणी समोरासमोर बसलेल्या असतात," तो म्हणाला. "मी आत गेलो की दोघी माझ्या तोंडाकडे बघतात. मी काय सांगू? हँडल जाम झालं म्हणून सांगू? का जाम झालं, ते मला तरी कुठे माहीत आहे?"

"तुमचं कधी झालंय?"

त्याने इकडे तिकडे पाहिलं. "जाम नाही. जड झालं होतं. गेल्या आठवड्यात. निघताना दोन थेंब पाऊस लागला, वर गेलो, तर हँडल हलता हलेना. खाली उतरायला लागलो तसं आपोआप सैल झालं. मी तक्रार केली. मेकॅनिकने विमान हँगरमध्ये घेतलं, हीटर लावून तपासलं. सगळं लोण्यासारखं. ग्रीस घातलं आणि 'दोष नाही' म्हणून मोकळा झाला."

"त्याआधी पाऊस कधी लागला होता?"

"कुठला! हिवाळाभर नुसती कोरडी थंडी होती. पाऊस आताच सुरू झालाय."

म्हणजे पाऊस लागला, वर थंडीत गेलं, की जड. खाली उबेत आलं, की सैल. पण दोन थेंबांनी एवढी फट भरेल कशी? पावसाचं पाणी फटीतून वाहून जायला हवं. त्याला धरून ठेवणारं तिथे कोण बसलं होतं?

"फवारणीचं मला एकदा नीट सांगा," मी म्हटलं.

"दोन औषधं असतात. एक पातळ, गरम करून मारायचं. ते धरलेला बर्फ धुऊन काढतं. दुसरं दाट, ते वरून लेप देतं, म्हणजे नवा बर्फ धरत नाही. सगळीकडे सकाळी आधी धुतात, मग लेप देतात. त्यात वेळ जातो. आमच्या मॅनेजरने युक्ती काढली. संध्याकाळीच दाट लेप द्यायचा. रात्री बर्फ धरत नाही, सकाळी धुवायची गरज नाही, विमान वेळेवर. अख्ख्या हिवाळ्यात आम्ही एकदाही उशिरा निघालो नाही. त्याचं कौतुक झालंय वरपर्यंत."

युक्ती हुशारीची होती. बर्फच नाही तर धुवायचं कशाला, असं मीही म्हटलं असतं.

"आज दुपारी उडवणार?" मी विचारलं.

"कबुली आलीय म्हणतात. सोडलं तर उडवीन." कप ढकलून तो उठला. "तुम्हाला काही सापडलं तर मात्र मला चाकं हलायच्या आधी सांगा."

४

फवारेवाल्याचं घर विमानतळाच्या कुंपणाला लागून होतं. दोन खोल्या, मागे अंगण. बायको युनिफॉर्म घालून आरशासमोर केस बांधत होती आणि सासूबाई तिच्यामागे उभ्या राहून पिना देत होत्या.

"हे असं का बोलले, मला कळत नाही," पिन दातात धरूनच बायको म्हणाली. "ह्यांच्यासारखं काम कुणी करत नाही. पंखांना एक हात मारला तर शेपटीला दोन. काल तर आमच्या विमानाला डबल मारलं. म्हणाले, तू बसणार ना त्यात."

"काम करतो, त्रास मला," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या कामाच्या डांगऱ्या धुऊन धुऊन माझे हात गेले, बाई. वाळली की काही दिसत नाही, झटकली तर नुसती भुकटी. आणि पाण्यात घातली की शेंबूड! हा एवढा फुगतो! दोनदा मोरी तुंबली."

"आई! पाहुण्यांसमोर शेंबूड काय!"

"मग काय अत्तर म्हणू?"

मला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच राहिलं. "मावशी, डांगरी कुठेय?"

"अंगणात, बादलीत. आता मोरीत धुतच नाही मी. काल रात्री भिजत घातली, सकाळी बघते तर बादली गोठलेली. आता ऊन लागल्याशिवाय निघायची नाही ती."

"गोठलेली?" मी थबकले. "त्या औषधाने बर्फ होत नाही ना?"

"ते मला काय विचारता? गोठलीय एवढं खरं. जाऊन बघा."

मी अंगणात गेले. भिंतीच्या सावलीत बादली होती. वर गढूळ पांढरा थर. मी बोट दाबलं. कडक नव्हता, बोट आत रुतलं. मूठभर उपसून घेतला, तर आवाज नाही, टोचणं नाही. हात बुळबुळीत झाला. रुमालाला पुसला. गेलं नाही. पुन्हा पुसला. नाहीच गेलं.

"मावशी," मी ओरडले, "बादलीत आणखी काय घातलंत? साबण?"

"छे! नुसतं पाणी! साबण कुठला, अजून हातच नाही लावला!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. आमचे मोठे साहेब होते. मॅनेजरने थेट त्यांनाच गाठलं होतं. "कबुली आहे, मग अडवून काय धरलंयस? मी परवानगी दिलीय. पाऊण तासात सुटतंय विमान."

"साहेब, ऐका, मला कारण सापडलंय..."

"रिपोर्टमध्ये लिही," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी पळत घरात आले. खोलीत सासूबाई एकट्याच होत्या, हातात उरलेल्या पिना घेऊन.

"सून कुठाय?"

"गेली की. कंपनीची जीप आली होती."

बाहेर पत्र्यावर बारीक पाऊस वाजायला लागला होता.

५

मी गाडी फाटकातून आत घातली आणि थेट विमानाच्या नाकासमोर आडवी उभी केली. प्रवासी छत्र्या सावरत शिडी चढत होते. मॅनेजर धावत आला.

"वेड लागलंय का तुम्हाला? गाडी काढा!"

"किल्ली सापडत नाहीये."

"हातात तर आहे तुमच्या!"

"हातातलीच सापडत नाहीये." मी किल्ली खिशात टाकली. "मेकॅनिकला बोलवा. एक शिडी आणि बादलीभर पाणी. नाहीतर माझ्या गाडीवरून विमान न्या."

"तुमच्या साहेबांनी परवानगी दिलीय!"

"साहेबांचं मी बघते. तुम्ही शिडी आणा."

कॅप्टन खिडकीतून बघत होता. माझा चेहरा बघून तो खाली उतरला आणि स्वतःच शिडी ओढून शेपटीला लावली. त्याच्या मागोमाग फवारेवाल्याची बायको दारात येऊन उभी राहिली.

मेकॅनिकने शेपटीखालचं झाकण उघडलं. आम्ही आत डोकावलो. काही नव्हतं. हलत्या फळीच्या कडेला वाळलेल्या गोंदासारखा एक पातळ पापुद्रा होता, तेवढाच.

"हे?" मॅनेजर हसला. "ह्या धुळीसाठी तुम्ही माझं विमान अडवलंत?"

"पाणी ओता," मी मेकॅनिकला म्हटलं.

त्याने मगाने ओतलं. थोडं वाहून गेलं. आम्ही थांबलो. मॅनेजरने घड्याळ बघितलं, मग पुन्हा बघितलं. शिडीवरचे प्रवासी कुरकुरू लागले, एकाने "काय तमाशा चाललाय?" असंही विचारलं. मी फटीवरची नजर काढली नाही. 

मग पापुद्रा हलला. आधी ओला झाला, मग फुगला, आणि फटीतून गढूळ, बुळबुळीत गोळा हळूहळू बाहेर यायला लागला. वाढतच गेला. अख्खी फट त्याने भरून टाकली, आणि कडेवरून एक जाड थेंब ओघळून कॅप्टनच्या बुटावर पडला.

"हा तुमचा दाट लेप," मी मॅनेजरला म्हटलं. "रोज संध्याकाळी मारलात. सकाळी धुतला नाही, कारण बर्फ नव्हता. पंखांवरचा वाऱ्याने उडून गेला. फटीतला मात्र वाळून राहिला, कालच्यावर आजचा, आजच्यावर उद्याचा. कोरड्या हवेत तो गुपचूप बसून होता. पाऊस लागला तसं पाणी पिऊन फुगला."

"पण ते औषध आहे!" मॅनेजरचा आवाज चिरकला. "बर्फ होऊ नये म्हणूनच तर..."

"पाणी पिऊन इतकं पातळ झालं की बर्फ थोपवायचा गुण संपला. पाणी धरून ठेवायचा गुण तेवढा राहिला. वर थंडीत गेलं की ते गोठतं आणि फळी जाम होते. म्हणून मुकादमाच्या हाताला बुळबुळीत लागलं. म्हणून कॅप्टनचं हँडल वर जड आणि खाली सैल. तुमचा मेकॅनिक हीटर लावून तपासतो, त्याला काय दिसणार? त्या दिवशी सकाळी फवारलं नाही म्हणून विमान पडलं नाही. हिवाळाभर फवारलं आणि एकदाही धुतलं नाही, म्हणून पडलं."

कॅप्टनने बोटाने तो गोळा उचलला, बघितला आणि तसाच मॅनेजरच्या चकचकीत बुटावर झटकला. मग प्रवाशांकडे वळून म्हणाला, "उतरा सगळे. आज कुणी कुठे जात नाही."

फवारेवाल्याची बायको शिडीवरून खाली आली. पावसात तिचे बांधलेले केस सुटत होते.

"काल ह्यांनी दुप्पट मारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"माझ्यासाठी मारलं होतं."

"हो."

तिने सुटलेले केस मागे सारले. "त्यांना कोण सांगणार?"

"मी. माझं काम आहे ते."

"मी येते बरोबर," ती म्हणाली.

६

त्याला मॅनेजरच्या केबिनमध्ये बसवून ठेवलं होतं. बायकोला बघून तो उठला. "तू गेली नाहीस?"

मी आडवळण घेतलं नाही. अशा वेळी आडवळण घेणारी माणसं मला आवडत नाहीत. सगळं सांगितलं, पापुद्र्यापासून गोळ्यापर्यंत. तुम्ही आळस केला नाहीत, तुम्ही कुचराई केली नाहीत, हेही सांगितलं. तो ऐकताना खाली सरकत गेला, खुर्चीत बसल्याचंही त्याला कळलं नसावं.

"शेपटीला मी जास्तच मारायचो," तो म्हणाला. "ती नजरेआड असते, म्हणून राहून जाते लोकांची. माझी राहू नये म्हणून."

"माहीत आहे मला."

"धुवायच्या गरम औषधाचा टँकर शेजारीच उभा असायचा, मॅडम. दहा पावलांवर."

"हुकूम तुमचा नव्हता. मी तसंच लिहिणार आहे. ठपका हुकूम देणाऱ्यावर जाईल."

"ठपक्याचं राहू द्या." त्याने दोन्ही तळहातांनी तोंड दाबून धरलं. खांदे हलत होते. बायको त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.  

मग त्याने एकदम तोंडावरचे हात काढले. "किती वाजले?"

"का?"

"हिवाळ्याच्या तोंडाला आम्हा सगळ्या फवारेवाल्यांचं ट्रेनिंग झालं. चार विमानतळांवरची पोरं होती. त्यांना मीच सांगितली ही युक्ती. फुशारकीने. संध्याकाळी लेप द्या, सकाळी आरामात चहा प्या, असं म्हटलं मी." तो उठला. "आता त्यांची संध्याकाळची पाळी सुरू होईल. पाऊस तिकडेही असेल."

"मी ऑफिसमधून कळवते. पत्रक काढायला लावते."

"पत्रक साहेबाच्या टेबलावर जाईल, मॅडम. टेबलावरून खाली कधी येईल? माझं ते लगेच ऐकतील." त्याने मॅनेजरचा फोन स्वतःकडे ओढला. बायकोने आपल्या मोबाईलमध्ये नंबर शोधायला घेतले. पहिला तिने वाचला, त्याने फिरवला.

"हॅलो, ओळखलंस का? हो, तिथलाच मी. ते विमान माझ्या औषधाने पडलं." पलीकडून काहीतरी आलं. "शिव्या दे, हव्या तेवढ्या दे, पण आधी ऐकून घे. लेप मारू नकोस. आधी शेपटीखालचं झाकण उघडायला लाव, फटीत पाणी ओत आणि काय निघतं ते बघ. मग गरम टँकर लावून सगळं धुऊन काढ... नाही, उद्या नाही. आत्ता. मी फोन ठेवत नाही, इथेच थांबलोय."

तो थांबला. बायकोने दुसरा नंबर काढून त्याच्यासमोर धरला, मी तिसरा माझ्या मोबाईलवर लावायला घेतला. पलीकडे कुणीतरी शिडी ओढत होतं. तिचा खरखर आवाज फोनमधून आम्हा तिघांनाही ऐकू येत होता.